कामकाजाआधीचं कामकाज

निवडणुकीनंतर नवं सभागृह भरलं की सुरुवातीचे दिवस शपथविधी आणि अध्यक्षांची निवड यांतच जातात. बघणाऱ्याला तो निव्वळ उपचार वाटतो. पण यातल्या बहुतेक पायऱ्या कुठल्या ना कुठल्या अडचणीतून किंवा भांडणातून आल्या आहेत.

सगळ्यात साधी अडचण म्हणजे माणसंच न जमणं. अमेरिकेची पहिली काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, ४ मार्च १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये भरायची होती. त्या दिवशी प्रतिनिधिगृहाच्या ५९ पैकी जेमतेम १३ जण हजर होते. गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, व्हायला १ एप्रिल उजाडला, सिनेटला तर ६ एप्रिल. आणि या काँग्रेसने केलेला पहिला कायदा कशाचा? शपथ कशी घ्यायची याचा!

शपथेवरून खरी जुंपली ती ब्रिटनमध्ये. १८८० साली निवडून आलेले चार्ल्स ब्रॅडलॉ निरीश्वरवादी. शपथेऐवजी नुसती प्रतिज्ञा करू द्या, म्हणाले, नकार मिळाला. बरं, शपथ घेतो म्हणाले, तर तीही घेऊ देईनात. एकदा तर त्यांना संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं. मतदार मात्र त्यांनाच पुन्हापुन्हा निवडून देत राहिले. अखेर १८८६ साली त्यांना शपथ घेता आली आणि १८८८ साली प्रतिज्ञेची मुभा कायद्यात आली. आपल्या राज्यघटनेतही ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ असे दोन्ही पर्याय आहेत. दोन्हींपैकी काहीच न करता संसदेच्या सभागृहात बसलं, तर अनुच्छेद १०४ नुसार दिवसाला ५०० रुपये दंड!

अध्यक्षांचं कोडं वेगळंच. अध्यक्ष सदस्यांनी निवडायचा, पण ती बैठक चालवायची कोणी? ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा भरली तेव्हा ज्येष्ठ सदस्य सच्चिदानंद सिन्हा यांना तात्पुरतं अध्यक्षपद दिलं. दोन दिवसांनी राजेंद्रप्रसाद निवडले गेले. आजचे हंगामी अध्यक्ष तेच काम करतात.

यातली सर्वांत मजेशीर रीत लंडनची. १६४२ साली राजा पहिला चार्ल्स पाच सदस्यांना पकडायला थेट कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, घुसला होता. त्यानंतर कुठल्याही राजाने तिथे पाऊल ठेवलेलं नाही. अधिवेशनाच्या सुरुवातीला राजाचं भाषण वरिष्ठ सभागृहात होतं; त्याचं बोलावणं घेऊन ‘ब्लॅक रॉड’ हा अधिकारी येतो, तेव्हा त्याच्या तोंडावर दार आपटलं जातं. मग तो काठीने तीनदा ठोठावतो. भाषण ऐकून परतलेले सदस्य त्यावर बोलण्याआधी स्वतःचं एक विधेयक पुकारतात, आमचं काम आम्ही ठरवणार हे दाखवायला. त्यावर ना चर्चा होते ना मतदान, आणि पुढच्या अधिवेशनात तेच विधेयक पुन्हा पुकारलं जातं.