पार्किन्सनमध्ये खालावणारा आवाज आणि त्यावरील उपचार

पार्किन्सनच्या आजारात हाताचा कंप चटकन नजरेस येतो. आवाज मात्र इतक्या सावकाश खाली जातो की, जवळची माणसे ‘काय म्हणालात?’ असे वारंवार विचारू लागेपर्यंत त्याची दखलच घेतली जात नाही. मेंदूत डोपामिन हे हालचालींचे नियमन करणारे रसायन कमी पडले की हालचालींचा आवाका आखडतो. त्यामुळे पावले लहान पडतात आणि हस्ताक्षर बारीक होत जाते. हाच परिणाम श्वसनाच्या, स्वरयंत्राच्या आणि जिभेच्या स्नायूंवर झाला की आवाज क्षीण व एकसुरी होतो आणि व्यंजने अस्पष्ट उमटतात.

उपचाराची खरी अडचण निराळीच आहे. रुग्णाला स्वतःचा आवाज पुरेसा मोठा वाटत असतो आणि समोरच्यालाच कमी ऐकू येते, असा त्याचा प्रामाणिक समज असतो. म्हणून नुसते ‘मोठ्याने बोला’ असे सांगत राहणे निरुपयोगी तर आहेच, पण माझ्या मते ते रुग्णावर अन्यायही करणारे आहे.

अमेरिकेत 1987 साली लोरेन रॅमिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली ‘एलएसव्हीटी लाउड’ ही पद्धत नेमकी या बिघडलेल्या जाणिवेवर काम करते. ली सिल्व्हरमन या पार्किन्सनग्रस्त महिलेचे नाव या पद्धतीला देण्यात आले (ली सिल्व्हरमन व्हॉइस ट्रीटमेंट). आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे रुग्ण दीर्घ ‘आ’काराचा आणि रोजच्या वाक्यांचा मोठ्या आवाजात सराव करतो. ओरडल्यासारखा वाटणारा आवाज प्रत्यक्षात ऐकणाऱ्याला साधाच वाटतो, हे त्याला स्वतःच्या ध्वनिमुद्रणातून पटू लागते. लक्ष फक्त मोठेपणावर ठेवले, तरी उच्चारही सुधारतात, कारण श्वास आणि तोंडाची हालचालही त्याबरोबर वाढते.

ब्रिटनमधील 388 रुग्णांच्या, 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आवाजामुळे दैनंदिन जीवनात येणाऱ्या अडचणी या पद्धतीने नेहमीच्या वाचाउपचारापेक्षा अधिक कमी झाल्या. काहींचा आवाज मात्र घोगरा झाला. लेव्होडोपा या पार्किन्सनवरील मुख्य औषधामुळे हालचाल सुधारते तितकी वाणी सहसा सुधारत नाही, आणि डीप ब्रेन स्टिम्युलेशन या, मेंदूत विद्युत-तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काहींचे बोलणे अधिक अस्पष्ट होते. त्यामुळे वाचाउपचारतज्ज्ञाची भेट शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवू नये.

ज्यांचे शब्द धावत सुटतात, त्यांना प्रत्येक शब्दागणिक एकेका चौकोनावर बोट टेकवण्याची पट्टी उपयोगी पडते. आवाज वाढवणे शक्यच नसेल, तर गळ्यात अडकवायचा छोटा ध्वनिवर्धकही वापरता येतो.