रफ (निऱ्यांची कॉलर)

सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय व्यक्तिचित्रांत गळ्याभोवती दिसणारी पांढरी, चक्राकार, निऱ्यांची कॉलर म्हणजे रफ. सदऱ्याचा गळा नाडीने आवळला की जी बारीक झालर पडते, तिच्यापासून ती सोळाव्या शतकाच्या मध्यास निघाली आणि वाढत वाढत सदऱ्यापासून सुटी झाली. डच लोक मोठ्या रफला जात्याच्या दगडाचे नाव देत. चित्र पाहिले की ते नाव पटते.

रफचा अर्थ तिच्या खळीत आहे. तलम लिननला खळ देऊन, तापवलेल्या सळईने एकेक निरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळवावी लागे. पावसाचे चार थेंब पडले की सगळी मेहनत वाया. अशी कॉलर घालून वाकून काम करता येत नाही. चित्रातली पांढरीशुभ्र रफ म्हणूनच घरच्या नोकरचाकरांची आणि धुणे करणाऱ्या बायकांची साक्ष देते, जरी त्या स्वतः चित्रात नसल्या तरी.

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या सुमारे १५९२ च्या ‘डिचली’ चित्रात रफ समोरून उघडी आहे. उघडी रफ अविवाहितपणाची खूण समजली जाई. स्पेनमध्ये चौथ्या फिलिपने १६२३ मध्ये उधळपट्टी रोखण्यासाठी रफवर बंदी घातली. त्यानंतर स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केसने रंगवलेल्या राजाच्या गळ्यात ‘गोलिया’ ही साधी, ताठ कॉलर दिसते.

कॉलरवरून चित्राचा काळ ठरवताना मात्र जपावे लागते. डच चित्रकार रेम्ब्रांने १६३४ मध्ये एख्ये क्लासडॉख्टर या ८३ वर्षांच्या विधवेचे चित्र काढले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते जवळून पाहावे: सुरकुतलेले गाल, ओलसर डोळे आणि हनुवटीखाली जुन्या वळणाची भली मोठी रफ. त्याच वर्षी त्याच चित्रकाराने मार्टेन सोलमान्स आणि ओप्येन कॉपिट हे तरुण जोडपे रंगवले. त्यांच्या खांद्यांवर लेसची पडती कॉलर आहे. वर्ष एक, पिढ्या दोन. आजीबाईंनी आपल्या तरुणपणाची कॉलर सोडली नाही, आणि रेम्ब्रांने ती तितक्याच आदराने रंगवली.

पुढे पडत्या कॉलरने रफला मागे सारले. मुंबई उच्च न्यायालयात वकिलांच्या गळ्याशी दिसणारे दोन पांढरे बँड त्याच पडत्या कॉलरच्या वंशातले आहेत.