तेल सुटेपर्यंत : मतबूख्याच्या पातेल्यात काय घडतं

दोन किलो टोमॅटो, चार ढोबळ्या मिरच्या, लसणाचा एक गड्डा आणि अर्धी वाटी तेल. एवढं सगळं घातल्यावर पातेलं काठोकाठ भरतं, आणि दोन-अडीच तासांनी पाहावं तर तळाशी पाचेक वाट्या लालभडक, चकचकीत, मुरांब्याइतकं दाट काहीतरी उरलेलं असतं. मोरोक्कोतल्या ज्यू घरांमधला हा मतबूखा. पावाचा तुकडा मोडायचा, त्यात बुडवायचा आणि तोंडात टाकायचा.

नाव अरबी आहे आणि त्याचा अर्थ नुसता ‘शिजवलेलं’. काय शिजवलंय, हे नाव सांगतच नाही. ज्या धातूपासून ते आलं त्याच धातूपासून स्वयंपाकघराला ‘मत्बख’ म्हणतात, आणि हा मत्बख फारसीच्या वाटेने मराठीत येऊन ‘मुदपाक’ झाला. मुदपाकखान्यातला ‘पाक’ ऐकायला संस्कृत वाटतो, पण मूळ हे असं आहे. मोरोक्कोत याच्याशी मिळताजुळता भाजलेल्या मिरच्यांचा आणि टोमॅटोचा प्रकार तक्तूका या नावाने घरोघरी होतो. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या, त्यामुळे कितीही ‘परंपरागत’ म्हटलं तरी ही पाककृती कोलंबसाच्या आधीची असूच शकत नाही.

पाककृती म्हणून सांगण्यासारखं यात फारसं काही नाही. भाजा, किसा, आटवा, संपलं. पण ‘आटवा’ या एका शब्दात इतकं भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दडलेलं आहे की मी पहिल्यांदा केला तेव्हा तो साफ फसला, आणि का फसला ते कळायला बराच वेळ गेला. मी तो कुकरमध्ये केला होता. चार शिट्ट्या झाल्या, झाकण काढलं, आत टोमॅटोचं सार.

त्यात कुकरचा काही दोष नाही. वाफ कोंडून धरणं हेच त्याचं काम. आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, भाजी मऊ होते, पण पाणी जागचं हलत नाही. आणि मतबूखा म्हणजे मुळात पाणी घालवण्याचा उद्योग. टोमॅटोत सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणी असतं. दोन किलोंत जवळपास एक किलो नऊशे ग्रॅम पाणी, आणि उरलेल्या शंभर-सव्वाशे ग्रॅममध्ये साखर, आम्लं, तंतू, रंग, चव, सगळं. आपण बाजारातून पिशवी भरून आणतो ते बहुतांशी पाणीच.

हे पाणी घालवणं स्वस्तात होत नाही. एक किलो पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. तेच उकळतं पाणी वाफ करून उडवायला आणखी २,२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपट. उकळी दहा मिनिटांत आली, आता आटायला कितीसा वेळ लागणार, असं वाटतं आणि इथेच आपण फसतो. मतबूख्यासाठी साधारण एक किलो चारशे ग्रॅम पाणी उडवावं लागतं. विजेच्या हिशेबात हे पाऊण युनिटाच्या वर, आणि शेगडीची उष्णता इकडेतिकडे वाया जाते ती वेगळीच. घाईवर उपाय आच वाढवणं नव्हे, पातेलं बदलणं. वाफ पृष्ठभागावरून सुटते, म्हणून उभट पातेल्याऐवजी पसरट घ्यायचं, जाड बुडाचं आणि स्टीलचं. लोखंडी कढई किंवा साधं ॲल्युमिनियम नको, कारण टोमॅटोचं आम्ल धातूशी खेळतं आणि चव बिघडते. झाकण अर्थातच नाही.

पण त्याआधी मिरच्या. ढोबळी मिरची थेट आचेवर धरायची आणि साल काळी पडून तडकेपर्यंत फिरवत राहायचं. वांगं भाजताना करतो तसंच. मिरचीच्या सालीवर मेणचट, पाणी न सोडणारा थर असतो. आचेने सालीखालच्या पेशींतलं पाणी वाफ होतं, वाफेला बाहेर पडायला वाट नसते, मग ती साल गरापासून उचलते, पापुद्रा सुटतो. काळ्या झालेल्या मिरच्या लगेच एका भांड्यात घालून वर ताट ठेवलं की उरलेली वाफ राहिलेलं काम पुरं करते. दहा मिनिटांनी साल बोटांनी निघते. नळाखाली धरून धुवायचा मोह होतो, पण धूर लागलेला रस तिथेच वाहून जातो. बोटं पुसून घ्यावीत, मिरची नको.

कच्च्या ढोबळ्या मिरचीचा तो हिरवा, उग्र वास ज्या संयुगाचा असतो त्याचं नाव लांबलचक आहे, पण त्याची ताकद सांगण्यासारखी आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे दोन भाग असले तरी माणसाच्या नाकाला पत्ता लागतो. भाजताना आणि पुढे तासभर रटरटताना यातला बराचसा वाफेबरोबर उडून जातो, म्हणून मतबूख्यात मिरची गोड लागते.

टोमॅटोची साल काढायची एक साधी युक्ती मोरोक्कन स्वयंपाकात सर्रास वापरतात. टोमॅटो आडवा अर्धा कापायचा आणि कापलेली बाजू किसणीवर घासायची. गर खाली पडतो, साल हातात चपटी उरते. उकळत्या पाण्यात बुडवा, गार पाण्यात टाका, असला व्याप नाही. बिया आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत रस मात्र टाकायचा नाही. टोमॅटोची जी खोल, रसरशीत चव असते ती ग्लुटामेटची, आणि गरापेक्षा त्या बुळबुळीत भागात ते जास्त असतं. बिया काढून टाका म्हणणाऱ्या पाककृती मला म्हणूनच पटत नाहीत.

आता पातेलं चुलीवर. तेल, लसणाच्या पाकळ्या, किसलेले टोमॅटो, मिरच्यांच्या पट्ट्या. लसूण ठेचायचा नाही. ठेचला की फुटलेल्या पेशींतलं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या एका घटकाला भेटतं आणि झणझणीत ॲलिसिन तयार होतं. अख्खी पाकळी गरम झाली तर विकर आधीच निकामी होतं, भेट होतच नाही, आणि लसूण तिखट न होता लोण्यासारखा मऊ, गोडसर शिजतो.

पहिला तासभर काहीच घडत नाहीसं वाटतं. पातळ रस, मोठे मोकळे बुडबुडे. पाणी आहे तोवर पातेल्यातलं तापमान शंभराच्या फार वर जात नाही, मग आच कितीही ठेवा. जादा उष्णता वाफ होऊन निघून जाते. टोमॅटोच्या तंतूंमध्ये आणि पेक्टिन या दाटपणा आणणाऱ्या घटकामध्ये तेलाचे बारीक थेंब अडकलेले असतात, त्यामुळे तेल घातलंय हे दिसतसुद्धा नाही.

मग रस दाटतो आणि आवाज बदलतो. पातळ रसात बुडबुडा तळाशी जन्मला की सरळ वर येतो. दाट रसात तो अडकतो, फुगतो, वरचा थर ताणतो आणि भप्पकन फुटतो. ज्याने पिठलं केलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. रटरटणाऱ्या पिठल्याचा थेंब मनगटावर पडला की महिनाभर डाग राहतो. दुसरा धोका तळाशी. पातळ रस आपोआप खालीवर फिरतो, उष्णता वाहून नेतो. दाट झाल्यावर हे फिरणं थांबतं, तळाचा थर तिथेच तापत राहतो आणि बुडाला लागतो. तिथून पुढे दर दोन-तीन मिनिटांनी तळ खरवडून हलवावं लागतं. चव घेण्याचा वेळही हाच. टोमॅटोत शंभर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम साखर असते. दोन किलोंचे सहाशे ग्रॅम झाले की तीच साखर शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅमवर जाते. आम्लही तसंच वाढतं. आणि मीठही! म्हणून मीठ सुरुवातीला घालायचं नाही. पहिल्या उकळीला बेताचं लागलेलं मीठ शेवटी तिप्पट खारट लागतं. आंबटपणा फार वाटला तर चिमूटभर साखर घालावी. काही जण सोडा घालतात. सोडा आम्ल मारतो खरं, पण आम्ल मेलं की चव बसते आणि टिकाऊपणाही कमी होतो. मी घालत नाही.

शेवटची वीस मिनिटं खरी. पळी फिरवली की मागे वाट उरते, ती लगेच बुजत नाही, आणि कडेला तेल दिसू लागतं. आपण मसाला परतताना ‘तेल सुटलं’ म्हणतो, तेच. पाणी इतकं कमी झालेलं असतं की तंतू एकमेकांना चिकटून दाटीवाटीने बसतात आणि मधे अडकलेलं तेल बाहेर पिळलं जातं. कान दिला तर बदबद थांबून चरचर सुरू झालेली ऐकू येते. उकळणं संपून तळणं सुरू झालंय. तळाशी तापमान शंभराच्या पुढे सरकतं आणि साखर व अमिनो आम्लं एकमेकांशी अभिक्रिया करून खमंग, तपकिरी संयुगं बनवू लागतात. पावाच्या कवचाला रंग देणारी ही अभिक्रिया १९१२ मध्ये लुई-कामिय मायार या फ्रेंच संशोधकाने मांडली. लाल रंग विटकरीकडे झुकतो तो यामुळे. लाल तिखट, म्हणजे तिथली गोडी पाप्रिका, आता घालावी. तिचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, त्यामुळे सुटलेलं तेल क्षणात केशरी-लाल होतं. आच मात्र मंद हवी, कारण पाप्रिका लगेच करपून कडू होते. पोषणाच्या बाजूने क जीवनसत्त्वाचा बराच भाग एव्हाना गेलेला असतो. उलट टोमॅटोचा लाल रंग, लायकोपीन, शिजवल्याने पेशींतून मोकळा होतो आणि तेलाबरोबर शरीरात जास्त शोषला जातो.

या पदार्थात तूप-लोणी नसून तेलच का, याला धर्म आणि रसायन दोघांचं उत्तर सारखंच येतं. ज्यू आहारनियमांत मांसाबरोबर दूध-लोणी चालत नाही. तेल कशाहीबरोबर चालतं. शिवाय शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी स्वयंपाक करायचा नाही, म्हणून मतबूखा शुक्रवारी होतो आणि शनिवारी गारच खातात. गार झाल्यावर तूप थिजून जिभेला चिकटलं असतं, ऑलिव्हचं तेल घरातल्या तापमानाला पातळ राहतं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मोरोक्कोतले बहुतेक ज्यू इस्रायलला गेले, आणि मतबूखा त्यांच्याबरोबर तिथे पोचला. नेगेव वाळवंटातलं दिमोना हे गाव १९५५ मध्ये वसलं ते मुख्यतः अशाच उत्तर आफ्रिकी कुटुंबांनी. पुढे त्याच गावात कोकणातले बेने इस्राएलही राहायला आले, मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. शनिवारसाठी तेलात शिजवून ठेवलेली भाजी म्हणजे काय, हे त्या शेजाऱ्यांना समजावून सांगावं लागलं नसेल.

उरलेला मतबूखा काचेच्या बरणीत भरावा. प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलात तर लायकोपीन तेलातून प्लॅस्टिकात शिरतं आणि तो लालसर डाग कुठल्याही साबणाने जात नाही. फ्रिजमध्ये, कोरडा चमचा वापरून, आठवडाभर राहतो. लसूण तेलात असल्याने ओट्यावर मात्र ठेवू नये. फ्रिजमधून काढल्यावर तेल दाणेदार, ढगाळ दिसतं, त्यात बिघडलेलं काही नाही. गार जिभेला गोडी कमी कळते, म्हणून अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावा. तोवर तेलही पुन्हा नितळ होतं.