मांजरांचे नकोसे वर्तन व त्याला आळा

पाळीव मांजराच्या ज्या कृती घरातील माणसांना त्रासदायक, खर्चिक किंवा अस्वच्छ वाटतात, त्या कमी करण्याच्या अथवा दुसरीकडे वळविण्याच्या उपायांचा या नोंदीत विचार केला आहे. सोफा किंवा गादी ओरबाडणे, ठरलेल्या जागेबाहेर मलमूत्र विसर्जन करणे, स्वयंपाकाच्या ओट्यावर चढणे, हातापायांना चावणे आणि पहाटे ओरडून घर जागे करणे या नेहमीच्या तक्रारी होत. यांपैकी बहुतेक कृती मांजराच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक असतात. माणसाला खटकते ती त्यांची जागा किंवा वेळ. त्यामुळे कृती सर्वस्वी बंद पाडण्याचा प्रयत्न सहसा फसतो आणि तिला पर्यायी जागा करून देणारा उपाय टिकतो.

घरगुती मांजर आफ्रिकी रानमांजरापासून आले आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे, म्हणजे हा सहवास जुना आहे. तथापि एकट्याने शिकार करणाऱ्या आणि आपला प्रदेश वासाने आखून ठेवणाऱ्या पूर्वजांचा स्वभाव मांजरात बराचसा तसाच राहिला आहे.

मांजर शिकते कसे, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी केला आणि तो १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. फळ्यांच्या खोक्यात भुकेले मांजर कोंडून बाहेर खाद्य ठेवले, की ते प्रथम वाटेल तशी धडपड करी आणि त्यात कधीतरी दोरी ओढली जाऊन किंवा खटका दाबला जाऊन दार उघडे. पुढच्या प्रत्येक खेपेस निरुपयोगी धडपड हळूहळू कमी होत जाई. ज्या कृतीचा परिणाम सुखद असतो तिची पुनरावृत्ती होते, हा थॉर्नडाइक यांचा परिणामाचा नियम अशा प्रयोगांतून आला. त्यात एक अट दडलेली आहे : परिणाम कृतीला लगटून यावा लागतो. दुपारी फाडलेल्या उशीबद्दल संध्याकाळी रागावले, तर मांजराला त्या रागाचा संबंध उशीशी लावता येत नाही, घरी परतलेल्या माणसाशी मात्र लावता येतो. मारणे, मानगूट धरून हलविणे, सांडलेल्या मूत्रात नाक घासणे हे प्रकार म्हणूनच निरुपयोगी आहेत आणि भीतीमुळे लपणे, चावणे, जागेबाहेर मूत्र करणे अशा नव्या तक्रारी त्यांतूनच उद्भवतात. अंगावर पाण्याचा फवारा मारणे हा सौम्य समजला जाणारा उपायही याच जातीचा आहे. फवारणी हाती असलेला माणूस घरात असेपर्यंतच त्याचा वचक राहतो.

ओरबाडणे ही मांजराची गरज आहे. त्याने नखांवरील जीर्ण आवरण सुटते, पाठीचे व खांद्यांचे स्नायू ताणले जातात आणि बोटांमधील ग्रंथींचा स्राव त्या पृष्ठभागाला लागून दिसणारी व वास येणारी अशी दुहेरी खूण उमटते. ओरबाडलेल्या सोफ्याच्या पायथ्याशी नखाच्याच आकाराची पातळ, पोकळ टरफले पडलेली दिसतात. नख मुळापासून तुटल्याच्या समजुतीने नवे पालक घाबरतात, परंतु ती केवळ टाकलेली आवरणे असतात. झोपून उठल्यावर मांजर हमखास ओरबाडते, त्यामुळे खांब त्याच्या झोपायच्या जागेजवळ आणि सुरुवातीस तर त्या सोफ्याला खेटूनच उभा करावा लागतो. मांजराला पूर्ण ताणून उभे राहता येईल इतकी त्याची उंची असावी आणि जोर लावला तरी तो डुगडुगू नये. जड लाकडी ओंडक्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली किंवा गोणपाट ठोकले, तरी बाजारातील महाग खांबाचे काम भागते. काही मांजरांना उभा पृष्ठभाग नकोच असतो. ती पायपुसण्यावर नखे लावतात, त्यांना आडवी फळी द्यावी. या काळात सोफ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावतात व मांजर खांब वापरू लागले, की तो थोडा थोडा सरकवीत सोयीच्या जागी नेतात. कॅटनिप या पुदिन्याच्या कुळातील वनस्पतीचा चुरा खांबावर चोळल्यास बरीच मांजरे तिकडे आकर्षित होतात, सगळी नव्हेत.

नखे काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेत प्रत्यक्षात प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापले जाते. ब्रिटनसह अनेक युरोपीय देशांत ती निषिद्ध आहे आणि अमेरिकेत २०१९ मध्ये न्यूयॉर्क हे तिच्यावर बंदी घालणारे पहिले राज्य ठरले. भारतात प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ मध्ये प्राण्याचे अवयवछेदन गुन्हा मानले आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त टोके कापणे पुरेसे असते.

जागेबाहेर मूत्र करण्याच्या तक्रारीत पहिला प्रश्न वैद्यकीय असतो. एरवी नियमाने वागणारे मांजर अचानक पलंगावर मूत्र करू लागले, तर मूत्राशयाचा दाह, मूत्रखडे, मधुमेह किंवा सांधेदुखी असू शकते. बोका मलमूत्रासाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल आणि मूत्र थेंबभरही येत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असण्याची शक्यता असते. हे एक-दोन दिवसांत जिवावर बेतते आणि त्यासाठी त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे लागते. दुसरा भेद बसण्याच्या ढबीचा. शेपूट ताठ उभारून ती थरथरवीत भिंतीकडे पाठ करून उभ्याने थोडे मूत्र उडविणे ही प्रदेशाची खूण असते, तर बसून जमिनीवर भरपूर मूत्र करणे याचा अर्थ बहुधा ट्रे नापसंत आहे असा होतो. पहिल्या प्रकारावर निर्बीजीकरण हा सर्वांत खात्रीचा इलाज असून त्यानंतर दहांपैकी सुमारे नऊ बोक्यांत ही सवय थांबते किंवा बरीच घटते. खिडकीबाहेर फिरणारा परका बोका हेही तिचे एक कारण असल्याने खिडकीचा खालचा भाग झाकूनही फरक पडतो.

ट्रेच्या बाबतीत मांजर चोखंदळ असते. जितकी मांजरे त्याहून एक ट्रे अधिक, लांबी मांजराच्या शरीराच्या दीडपट, बारीक व बिनवासाची वाळू आणि रोजची सफाई, असा संकेत आहे. अमेरिकेत एडवर्ड लो यांनी १९४७ मध्ये मुलतानी मातीच्या जातीची शोषक माती या कामासाठी विकायला सुरुवात केली. आज मिळणारी, ओल लागताच गोळा होणारी माती बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीची असते आणि असे बेंटोनाइट कच्छमध्ये आढळते. फ्लॅटमध्ये ट्रे बहुधा गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी सरकविलेला असतो. मांजर आत असताना मशीन एकदा जरी घरघरले, तरी ते पुन्हा तिकडे फिरकत नाही आणि ‘घाणेरडे’ ठरते.

डाग पडलेली जागा फिनाईलने पुसण्याची आपल्याकडची रीत या कामी घातक आहे. फेनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा करणारी प्रक्रिया मांजराच्या यकृतात फार क्षीण असते आणि फिनाईलवरून चालून पंजे चाटल्यास त्याला विषबाधा होऊ शकते. मांजर दूर राहावे म्हणून कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाकणेही तितकेच धोक्याचे आहे. अमोनियायुक्त द्रवाचा वास मूत्रासारखा असल्याने तोही टाळतात. एन्झाइमयुक्त स्वच्छतेच्या द्रवाने वासाचे मूळच निघते.

ओट्यावर चढण्यामागे उंचीची ओढ आणि अन्नाचा वास ही दोन कारणे असतात. ‘शिंके तुटले, बोक्याचे फावले’ ही म्हण वापरणाऱ्या समाजाला याचे उत्तर पूर्वीपासून ठाऊक होते : दूध टांगून ठेवायचे, बोक्याला उपदेश करायचा नाही. आज शिंक्याची जागा झाकण घट्ट बसणाऱ्या डब्याने व बंद कपाटाने घेतली आहे. मासळी साफ करून झाल्यावर ओटा लगेच धुतला आणि स्वयंपाकघर दिसेल अशा जागी ओट्याहून उंच फळी दिली, तर बरीच मांजरे फळी पसंत करतात. एकदा जरी सुरमईचा तुकडा हाती लागला, तरी पुढचे अनेक दिवस फेऱ्या चालू राहतात.

चावण्याची सवय पुष्कळदा माणसांनीच लावलेली असते. पिलाशी बोटे हलवून खेळणे गोड वाटते, पण तेच पिलू चार किलोंचे झाले, की तक्रार सुरू होते. दांडीला दोरीने बांधलेले पीस किंवा चिंधी खेळण्यास द्यावी आणि दात लागताच हात झटकण्याऐवजी खेळ थांबवून उठून जावे.

पहाटेच्या ओरडण्याचे मूळ असे, की मांजर संधिप्रकाशात अधिक सक्रिय असते. रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे शिकारीसारखा खेळ आणि त्यानंतर दिवसाचे शेवटचे जेवण दिले, तर झोप लांबते. एरवी निरोगी असलेल्या मांजराच्या हाकेला उठून अन्न देणे बंद करताना मात्र सुरुवातीचे काही दिवस ओरडणे आधीपेक्षा वाढते, कारण पूर्वी हमखास फळणारी कृती निष्फळ झाल्यावर मांजर प्रथम तीच अधिक जोराने करून पाहते. नेमक्या याच टप्प्यावर, बहुधा चौथ्या-पाचव्या पहाटे, घरातले कोणीतरी वैतागून उठते आणि वाटीत खाणे ओतते. त्यातून मांजर अधिक वेळ ओरडायला शिकते.