एलसी३ दिसलं म्हणजे ऑटोफॅजीच असं नाही: उंदराच्या एटीजी१६एल१ ची दोन वेगळी कामं

परवा लॅबमधली ज्युनिअर ब्लॉट, म्हणजे सेलमधली प्रोटीन पट्ट्यांच्या रूपात दाखवणारा फोटो, घेऊन आली, ताई हे बघा, क्लोरोक्विन दिल्यावर एलसी३-टू ची पट्टी केवढी जाड झाली, ऑटोफॅजी वाढली ना? ऑटोफॅजी म्हणजे सेलने स्वतःचाच माल पचवणं, आणि एलसी३ हे प्रोटीन त्याची खूण मानतात. मी तिला म्हटलं आधी दादर आठव. डिसेंबर २०२३ मध्ये सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मना ८ ते १४ नंबर दिले, त्याच्या आधी कोणी "दादरला एक नंबरवर भेट" म्हटलं की वेस्टर्नचा एक की सेंट्रलचा एक हे विचारावंच लागायचं. एलसी३-टू चं अजूनही तसंच आहे, पट्टी एकच, पण ती कुठल्या बाजूची हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि दोन्ही बाजूंना जो पूल जोडतो ना, तो म्हणजे एटीजी१६एल१ नावाचं प्रोटीन.

आधी दोन्हीकडे सारखं काय ते सांगते. एलसी३ सेलमध्ये मोकळं फिरत असतं, ते एलसी३-वन. एटीजी७ आणि एटीजी३ ही प्रोटीन त्याला तयार करतात, मग एटीजी१२-एटीजी५ ची जोडी एटीजी१६एल१ बरोबर येऊन त्याला मेंब्रेनच्या फॅटला चिकटवते, ते एलसी३-टू. चिकटवायचं काम जोडीचं, पण कुठल्या मेंब्रेनवर चिकटवायचं ते एटीजी१६एल१ ठरवतं. सगळा घोळ या "कुठल्या" मध्येच आहे.

पहिली बाजू खरी ऑटोफॅजी. सेल उपाशी राहिली, म्हणजे मिडियातून अमायनो अ‍ॅसिड काढून घेतले, की यूएलके१, एफआयपी२००, एटीजी१३ वगैरे प्रोटीनची मंडळी कामाला लागतात, नवीन मेंब्रेन उगवायला लागते, त्यावर विपी-२ हे प्रोटीन येऊन बसतं आणि एटीजी१६एल१ ला मधल्या भागात पकडून तिथे आणतं. मग दोन पदरी पिशवी तयार होते, आत सेलचाच माल, जुनं मायटोकाँड्रिया, प्रोटीनचे गठ्ठे, आणि ती लायसोसोमला, म्हणजे सेलच्या पचनाच्या पिशवीला, जाऊन मिळते.

दुसरी बाजू अशी की मॅक्रोफेजने, म्हणजे जंतू गिळणाऱ्या सेलने, बाहेरचं काही गिळलं, समजा यीस्टच्या भिंतीचा तुकडा, तर त्या फॅगोसोमला, म्हणजे गिळलेल्या मालाच्या पिशवीला, एकच पदर असतो आणि त्या एकाच पदरावर एलसी३ चिकटतं. हे २००७ मध्ये लक्षात आलं. इथे यूएलके१ नको, एफआयपी२०० नको, एटीजी१३ पण नको. रुबिकॉन नावाचं प्रोटीन मात्र लागतं, आणि गंमत म्हणजे तेच रुबिकॉन खऱ्या ऑटोफॅजीला अडवतं. गिळलेला माल नसतानाही हे होतं, लायसोसोमचं आतलं वातावरण बिघडलं की अ‍ॅसिडचा पंप, म्हणजे व्ही-एटीपीएज, एटीजी१६एल१ ला स्वतःकडे ओढतो आणि एलसी३ तिथल्या एकपदरी मेंब्रेनवर चिकटतं. मोनेन्सिन हे औषध दिलं तरी होतं, क्लोरोक्विन दिलं तरी होतं. क्लोरोक्विन एकीकडे ऑटोफॅजीचा माल लायसोसोममध्ये पचू देत नाही म्हणून एलसी३-टू साचतं, आणि दुसरीकडे हा रस्ता पण चालू करतं, म्हणजे त्या ब्लॉटवरच्या जाड पट्टीत दोघांचा वाटा असू शकतो.

मला सगळ्यात आवडतो तो भाग आता. एटीजी१६एल१ चा शेवटचा तुकडा, डब्ल्यूडी४०, फुलासारखा गोल असतो. यीस्टच्या एटीजी१६ ला तो नाहीच, ते सगळं मिळून १५० अमायनो अ‍ॅसिडचं, उंदराचं ६०७ चं. तरी यीस्टची ऑटोफॅजी अगदी व्यवस्थित चालते, मग हा एवढा मोठा तुकडा कशाला हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. उत्तर उंदरांनी दिलं. २००८ मध्ये एटीजी१६एल१ च्या कामाचा मुख्य भाग काढलेली पिल्लं जन्मल्यावर एका दिवसात मेली, एटीजी५ नसलेल्या पिल्लांचंही २००४ मध्ये असंच झालं होतं, कारण नाळ तुटल्यावर आईचं दूध नीट मिळेपर्यंतचा उपास ऑटोफॅजीवरच निघतो. पण २०१९ मध्ये ज्या उंदरांमध्ये हे प्रोटीन २३० व्या अमायनो अ‍ॅसिडवर थांबवलं, म्हणजे विपी-२ ची जागा ठेवली आणि डब्ल्यूडी४० उडवलं, ते जगले, वाढले, त्यांना पिल्लंही झाली. ऑटोफॅजी शाबूत, फॅगोसोमवरचं एलसी३ गायब. त्याच्या आधीच्या वर्षी तर डब्ल्यूडी४० मधलं फक्त ४९० नंबरचं लायसिन बदलून हेच दाखवलं होतं, एका अक्षराने दोन कामं वेगळी झाली! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी परळ ते ठाणे पूर्ण प्रवास तोच पेपर हातात धरून होते.

सालमोनेला या बॅक्टेरियालाही हा फरक कळतो असं म्हणायला हरकत नाही. त्याचं सोपएफ नावाचं प्रोटीन व्ही-एटीपीएजच्या एका भागावर केमिकल टॅग लावतं आणि पंप एटीजी१६एल१ ला ओढू शकत नाही.

आता पट्टी कोणाची ते कसं ओळखायचं. बॅफिलोमायसिन, म्हणजे हाच पंप बंद पाडणारं औषध, मला सगळ्यात कामाचं वाटतं. खऱ्या ऑटोफॅजीत ते दिलं की पचन थांबतं, एलसी३-टू साचतं, पट्टी वाढते. पण एकपदरी रस्त्यात ते पंप आणि एटीजी१६एल१ ची गाठच पडू देत नाही, त्यामुळे तिथलं एलसी३-टू कमी होतं. एकच औषध, दोन उलटे निकाल. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मिळाला तर पदर मोजता येतात, पण स्लॉट मिळायला वेळ लागतो. नुसत्या एलसी३ च्या हिरव्या ठिपक्यांवर मात्र मी विश्वास ठेवत नाही, ठिपका पदर सांगत नाही.

ज्युनिअरने आता तोच प्रयोग एफआयपी२०० काढलेल्या सेल्समध्ये लावलाय, प्लेटच्या एका वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, नुसतं क्लोरोक्विन, शेजारच्यात क्लोरोक्विन आणि बॅफिलोमायसिन दोन्ही. एफआयपी२०० नसताना पहिल्यात पट्टी राहिली आणि दुसऱ्यात उतरली तर ती ऑटोफॅजीची नाही, पंपाची आहे. शुक्रवारी डेव्हलप करू म्हणालीय.