खडबडीत भयछटेचा टंक

हाताने रेखाटलेल्या, कडा फाटलेल्या किंवा झिजलेल्या अक्षरांचा, फक्त शीर्षकापुरता वापरायचा टंक (फॉन्ट). भयकथांची मुखपृष्ठे, नाटक-चित्रपटांची नावे व जाहिराती यांत तो दिसतो. रोमन लिपीत शिकागोच्या एका फाउंड्रीने (छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढलेला ‘कॅस्लन अँटिक’ झिजलेल्या खिळ्यांच्या छापाची नक्कल करतो. अँड्र्यू स्मिथ यांचा ‘चिलर’ (१९९५) ओरखडल्यासारखा आहे. मराठीत अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना प्रकृतीनुसार वळण दिले, पण ती अक्षरे त्या नावापुरती होती. टंकातले अक्षर कुठेही आणि कितीदाही येते, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

अक्षरे कोरड्या ब्रशने किंवा टोक चिरलेल्या बोरूने खरखरीत कागदावर ६–८ सेंटिमीटर उंच काढतात, ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करतात आणि बाह्यरेषेत बदलतात. संगणकाने आपोआप काढलेली बाह्यरेषा जशीच्या तशी ठेवू नये. तिच्यात एकेका अक्षराला शेकडो बिंदू येतात आणि फाइल जड होते. टंकातले अक्षर ज्या १००० एककांच्या चौकटीत आखतात, तिच्यातला कडेचा ५ एककांचा दाता ३६ पॉइंटला जेमतेम ०.०६ मिलिमीटर भरतो, म्हणजे दिसतही नाही. असे दाते काढून टाकावेत. मोठे, ठसठशीत तुकडेच परिणाम साधतात.

देवनागरीत खरी कसोटी शिरोरेषेची. फाटणे तिच्या मधल्या भागात ठेवावे; दोन्ही टोकांच्या २०–३० एककांत उंची व जाडी सर्व अक्षरांत सारखी हवी, नाहीतर जोडावर पायरी दिसते. मात्र ‘घ’ आणि ‘म’ यांच्या डाव्या खांद्यावरची रेषा तोडू नये. तिथे खाच पडली की ‘घर’ हे ‘धर’ वाचले जाते आणि ‘म’ कडे ‘भ’ म्हणून पाहिले जाते. शिंतोड्यांचेही तसेच: शिरोरेषेवर पडलेला थेंब अनुस्वार ठरतो, ‘खत’ची ‘खंत’ होते, अक्षराखालचा थेंब नुक्ता वाटतो. शिंतोडे अक्षराच्या बाजूलाच, आणि अनुस्वाराच्या निम्म्याहून लहान ठेवावेत.

‘काळा वाडा’ या दोन शब्दांत काना चारदा येतो. चारही कान्यांना एकाच जागी एकच टवका दिसला की हाताचा भास तिथेच संपतो. म्हणून काना, र, त, क यांची तीन-चार रूपे काढून संदर्भानुसार आलटून-पालटून येतील अशी सोय टंकात करतात. मात्रा आणि अनुस्वार बसण्याचे बिंदू प्रत्येक रूपात जुळवून घ्यावे लागतात. हे काम कंटाळवाणे, पण टाळता येत नाही. मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ हवेतच. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये तीच रूपे प्रमाण ठरवली.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे छापताना शाई आत सरकते आणि बारीक दांडे बुजतात. त्यासाठी थोडी जाड आवृत्ती वेगळी ठेवणे चांगले. २४ पॉइंटच्या खाली जोडाक्षरे भरून जातात.