ऐतिहासिक दफनभूमींतील धातुकामाचे जतन

थडग्यांभोवतीची लोखंडी कुंपणे व फाटके, कांस्याच्या पाट्या आणि पुतळे, जस्ताची पोकळ स्मारके, तसेच दगडांच्या सांध्यांत दडलेल्या लोखंडी पकडी यांचा ऱ्हास थोपवण्याचे काम. मूळ धातू शक्य तितका राखणे हा त्याचा हेतू असतो. कुंपण नव्यासारखे दिसू लागले, पण मूळ गज भंगारात गेले, तर ते जतन नव्हे.

नुकसान बहुधा पाणी साचते तिथे सुरू होते. पूर्वी कुंपणाचे गज दगडातल्या खाचेत उभे करून भोवती शिसे ओतत. शिसे सैल झाले की फटीत पाणी मुरते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा लागते, त्यामुळे फुगलेला गज दगडच फोडतो. अशा वेळी गजाकडे न पाहता नुसती चीर बुजवली, तर ती पुन्हा उघडते.

उपचाराआधी धातू ओळखावा लागतो. घडीव लोखंडात मळीचे, म्हणजे धातू गाळताना उरलेल्या काचेसारख्या मळाचे, तंतू असतात. गंजल्यावर त्याचे जुन्या लाकडासारखे पापुद्रे सुटतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठिसूळ असते, धक्क्याने तुटते, आणि घाईने वेल्डिंग केल्यास जोडाशेजारीच तडकते. म्हणून बिडाचे तुकडे शक्यतो नटबोल्ट व पट्ट्यांनी जोडलेले बरे. इंग्लंडमध्ये बोल्टन येथील घडीव लोखंडाचे व्यापारी उत्पादन 1973 मध्ये थांबले. आज दुरुस्तीसाठी बहुधा जुनेच लोखंड पुन्हा वापरावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये असंख्य कुंपणे भंगारासाठी कापून नेली गेली. दगडी कठड्यांवर उरलेले गजांचे खुंट दगडाला इजा करत नसतील तर तसेच ठेवावेत. कुंपणाची जागा आणि गजांमधले अंतर सांगणारा तोच पुरावा असतो.

सैल गंज हाताने, तारेच्या ब्रशने काढतात. जोरदार सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूच्या माऱ्याने, नक्षीच्या कडा बोथट होतात. जुन्या रंगाच्या तळाशी अनेकदा शेंदूर, म्हणजे विषारी शिसे असते. खरवडताना मुखवटा वापरणे आणि धूळ गोळा करणे आवश्यकच. त्याआधी रंगथरांचा नमुना घ्यावा, कारण मूळ रंग तिथेच सापडतो. उघड्या धातूवर त्याच दिवशी प्रायमर चढवतात.

कांस्यावरचा घट्ट हिरवा थर धातूचे रक्षण करतो. तो घासून चकाकी आणणे हे नुकसानच. फिकट हिरवी भुकटी दिसली तर मात्र क्लोराइड क्षारांमुळे धातू आतून पोखरला जात असल्याची शंका घ्यावी. निरोगी कांस्याला मेणाचा पातळ लेप पुरतो, तो वेळोवेळी नवा करावा लागतो.

अमेरिकेत ब्रिजपोर्ट येथील मॉन्युमेंटल ब्राँझ कंपनीने 1874 ते 1914 या काळात ‘पांढरे कांस्य’ म्हणून विकलेली स्मारके प्रत्यक्षात जस्ताची आहेत. त्यांवरची अक्षरे आजही ठळक वाचता येतात, पण उंच स्मारके स्वतःच्या भाराने हळूहळू खाली बसतात व सांधे उघडतात. आधारासाठी आत काँक्रीट भरण्याची चूक अनेक ठिकाणी झाली आहे; त्याने पाणी अडते आणि पातळ भिंती फाटतात. त्याऐवजी आत स्टेनलेस स्टीलचा सांगाडा बसवतात, आणि तो जस्ताला थेट भिडणार नाही याची काळजी घेतात.